लिलावात जरूर जा, पण परतीचा कागद खिशात ठेवून जा

नांदेड आणि लातूरच्या कॉलेजांत कबड्डी, खो-खो खेळणारी आपली पोरं हल्ली एका प्रश्नापाशी येऊन अडतात. आंतरविद्यापीठ स्पर्धेत चांगला खेळ झाला, कुणाच्या तरी नजरेत भरला, निवड चाचणीचा निरोप आला. आता बी.ए.चं दुसरं वर्ष सोडून लीगच्या शिबिराला जायचं, की परीक्षा देऊन पुढच्या वर्षाची वाट पाहायची? पुढच्या वर्षी बोलावणं येईलच याची खात्री नाही. पदवी पुरी केली तर नोकरी लागेलच याचीही नाही.

या पोराला सल्ला देणारे दोन गट आहेत. पहिला गट प्रशिक्षकांचा, एजंटांचा आणि कॉलेजच्या संस्थाचालकांचा. ते म्हणतात, "अशी संधी पुन्हा येत नाही, जा." दुसरा गट आपल्याच चळवळीतल्या जाणत्यांचा. ते म्हणतात, "खेळबीळ ठेव बाजूला, बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितलंय." आम्ही या दोन्ही सल्ल्यांच्या विरोधात आहोत. पहिला सल्ला पोराचं शरीर वापरतो. दुसरा सल्ला बाबासाहेबांचं नाव वापरतो, पण बाबासाहेबांचं चरित्र वाचत नाही.

आधी एक गोष्ट स्वच्छ मांडू. हा निर्णय 'वैयक्तिक' आहे असं म्हणणं हीच मोठी फसवणूक आहे. एकाच संघात दोन पोरं आहेत असं समजा. एकाच्या घरी वीस एकर बागायत, भावाचं कृषी सेवा केंद्र, चुलता जिल्हा परिषदेत. दुसऱ्याचा बाप ऊसतोडीला जातो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, आणि पोरगा समाजकल्याणच्या वसतिगृहात राहतो. दोघेही एकाच दिवशी कॉलेज सोडून लीगला गेले आणि दोघांचाही गुडघा पहिल्याच महिन्यात गेला. पहिला घरी परत येतो. दुसरा कुठे येतो? वसतिगृहातली त्याची खाट गेली, शिष्यवृत्ती थांबली, वर्ष वाया गेलं. निर्णय एकच होता, किंमत मात्र दोघांनी वेगवेगळी मोजली. ही किंमत कोण ठरवतं? जमीन ठरवते. आणि आपल्याकडे जमीन कुणाकडे आहे हे जात ठरवते.

आता बाजाराचा हिशेब पाहू, कारण आपल्या पोरांना तो कुणी नीट सांगत नाही. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली. २०२३ च्या लिलावात पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर बोली लागली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले. हे आकडे प्रत्येक मोबाइलवर पोहोचतात. पण २०२३ च्या त्याच लिलावात सर्वांत खालच्या 'ड' गटाची मूळ किंमत ९ लाख होती, हे किती जणांना माहीत आहे? आणि कॉलेजमधून पहिल्यांदा जाणारा पोरगा अनेकदा लिलावाच्या मंचावर येतच नाही. संघ त्याला नवा तरुण खेळाडू म्हणून थेट करारबद्ध करतो. त्याच्यावर बोली लागत नाही, त्याच्यापुढे कागद ठेवला जातो. तो कागद बहुधा इंग्रजीत असतो.

खो-खोचं गणित आणखी बोलकं आहे. अल्टिमेट खो-खोने २०२२ च्या पहिल्या हंगामासाठी लिलाव न करता ड्राफ्ट घेतला. म्हणजे गटाची किंमत आधीच ठरलेली आणि संघ आळीपाळीने खेळाडू उचलणार. वरच्या गटाला ५ लाख, मग ३ लाख, दीड लाख, आणि शेवटच्या गटाला १ लाख. १ लाखात लातूरच्या ट्यूशन एरियात एका पोराचं वर्षभराचं खोलीभाडं, मेस आणि क्लासची फीसुद्धा भागत नाही. आणि ही लीग किती टिकली? पहिला हंगाम ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याला झाला, दुसरा १३ जानेवारी २०२४ ला कटकला संपला. वर्ष उलटलं तरी तिसरा आला नाही. फुटबॉलमध्येही तेच. इंडियन सुपर लीगने २०१४ आणि २०१७ मध्ये देशी खेळाडूंचा ड्राफ्ट घेतला, २०१७ ला वरची किंमत १ कोटी १० लाखांवर गेली. त्याच लीगचा २०२५-२६ चा हंगाम जुलै २०२५ मध्ये करारांच्या घोळामुळे अडकून पडला आणि नामांकित खेळाडूंचेही पगार धोक्यात आले. मालकाने दुकान बंद केलं की खेळाडूला कुठे दाद मागता येते? ज्याच्या घरी दुसरं दुकान आहे त्याला ती मागावी लागत नाही. आपल्या पोराला मात्र या दुकानाशिवाय दुसरं काही नसतं.

तिसरी अडचण वेळापत्रकाची आहे. प्रो कबड्डीचा २०२२ चा हंगाम ७ ऑक्टोबर ते १७ डिसेंबर चालला. २०२४ चा १८ ऑक्टोबर ते २९ डिसेंबर. २०२५ चा २९ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर. त्याआधीचे सराव शिबिराचे आठवडे वेगळेच. म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या सत्राचे वर्ग आणि हिवाळी परीक्षा नेमक्या या काळात सापडतात. खुल्या प्रवर्गातल्या सधन पोराचे दोन पेपर बुडाले तर तो पुढच्या वेळी देतो. आपल्या पोराची शिष्यवृत्ती ७५ टक्के हजेरीवर टांगलेली असते. स्वाधारला हजेरीबरोबर गुणांचीही अट आहे. म्हणून लीगला गेलेला आपला पोरगा फक्त पेपर बुडवत नाही, तो शिकण्याचा सगळा आधार गमावतो. ही अट गैरहजर टिवल्याबावल्या करणाऱ्यांसाठी केलेली असेल. ती देशातल्या मोठ्या मैदानावर खेळणाऱ्या पोराच्या मानेवर बसते.

आता आपल्या जाणत्यांकडे वळू. "आधी डिग्री, मग काय ते" असं म्हणणाऱ्यांना आम्ही बाबासाहेबांच्याच आयुष्यातलं १९१७ साल आठवून द्यायला सांगतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिक्षण अर्ध्यावर असताना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि त्यांना मायदेशी परतावं लागलं. त्यांनी काय केलं? ते नुसते निघून आले नाहीत. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून घेतली. मग मुंबईला सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत घेतली, पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० मध्ये परत लंडन गाठलं. १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. शिक्षणात खंड पडला, पण परतीचं दार त्यांनी बंद होऊ दिलं नाही. आपल्या खेळाडू पोरांना सांगायचं असेल तर हे सांगा. शिक्षण मध्येच थांबणं हा गुन्हा नाही. परतीची लेखी व्यवस्था न करता निघणं हा मात्र धोका आहे.

आणि खेळ आपल्या परंपरेत नाही, असं कुणी म्हणू नये. राजर्षी शाहूंनी १९०२ साली ५० टक्के जागा राखून ठेवल्या, अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह उभं केलं, आणि त्याच राजाने कुस्तीसाठी खासबागचं मैदानही बांधलं. वसतिगृह की आखाडा, असा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही. दोन्ही दिलं. मग आज शंभर वर्षांनंतर आपल्या पोराला दोहोंतलं एक निवडायला कोण लावतंय?

खेळाडूला दुसरा आधार का लागतो हे पाळवणकर बाळूंच्या आयुष्यात दिसतं. चर्मकार समाजात जन्मलेला हा गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकर म्हणून मैदान राखता राखता तयार झाला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदूंच्या संघाला त्याचा डावा हात हवा होता, पण चहा त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात दिला जाई. त्याच्याइतका मोठा गोलंदाज संघात नव्हता, तरी कर्णधारपद त्याला कधी दिलं नाही. भावांनी १९२० मध्ये त्याविरुद्ध बंड केलं, तेव्हा कुठे १९२३ मध्ये धाकट्या विठ्ठलला ते मिळालं. या सगळ्या काळात बाळूंचं घर चाललं ते रेल्वेच्या नोकरीवर. टाळ्या मैदानावर होत्या, चूल पगारावर पेटत होती. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. ते राजकारण आपल्याला मान्य नाही. पण मैदानावर त्यांच्याशी जे झालं त्याचा धडा विसरायचं काही कारण नाही.

इथे कुणीतरी म्हणेल, "तो काळ गेला. आता मैदानावर जात नसते, फक्त गुणवत्ता असते." असेल तर मोजून दाखवा. लीगच्या बारा संघांत किती खेळाडू अनुसूचित जातींचे, किती जमातींचे, किती भटक्या-विमुक्तांचे? प्रशिक्षक किती? मालक किती? हा हिशेब कुणी जाहीर करत नाही. अमेरिकेकडे बघा. तिथल्या फुटबॉलमध्ये कॉलेजच्या पोरांना व्यावसायिक संघ ड्राफ्टमधून उचलतात, आणि त्यातले बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत. तिथेही कॉलेज सोडू की थांबू हा प्रश्न गरीब घरातल्या काळ्या पोरालाच जास्त छळतो. तो देश काही न्यायाचा पुतळा नाही. तरीही सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातली एक संस्था दरवर्षी मोजते की लीगमध्ये कोणत्या वर्णाचे खेळाडू किती, प्रशिक्षक किती, अधिकारी किती. मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्य उमेदवाराची मुलाखत घेण्याचा नियम तिथे २००३ मध्ये आला. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये घेत नाहीत. २०२४ मध्ये नवख्या खेळाडूची किमान वार्षिक रक्कम साडेसात लाख डॉलरच्या वर होती, आणि तीन हंगाम पुरे केले की पेन्शनचा हक्क मिळतो. हे कुणी मालकाने दयेने दिलं नाही. १९५६ पासून खेळाडूंची संघटना आहे, तिने भांडून मिळवलं. आपल्याकडे १ लाखाच्या कागदावर सही करणाऱ्या पोराच्या मागे कोण उभं असतं? फार तर त्याचा पी.टी.चा मास्तर.

आणि पोरींचं काय? प्रो कबड्डी पुरुषांची, अल्टिमेट खो-खो पुरुषांची. महिलांची कबड्डी २०१६ मध्ये तीन संघांनिशी एक हंगाम दाखवली आणि गुंडाळली. शेजारच्या धाराशिवची सारिका काळे भारताची खो-खो कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. तिचं आयुष्य उभं राहिलं ते तालुका क्रीडा अधिकाऱ्याच्या सरकारी पदावर. आपल्या मुलींसाठी तर पदवी आणि सरकारी भरती याशिवाय खेळातून पुढे जाणारी वाटच बाजाराने ठेवलेली नाही. म्हणून सरकारी भरतीतलं खेळाडूंचं ५ टक्के समांतर आरक्षण ही आपल्यासाठी कुठल्याही लीगपेक्षा मोठी गोष्ट आहे. पण ते आरक्षण मिळवायलाही त्या पदाची शैक्षणिक पात्रता लागते. क्रीडा शिक्षक व्हायचं तर आधी पदवी, मग बी.पी.एड. पदकं कपाटभर असली तरी गुणपत्रक नसेल तर अर्ज छाननीतच बाद होतो. उलट, पात्रतेची कागदं असूनही पदकं नसणारे बनावट क्रीडा प्रमाणपत्रं काढून आपल्या जागा खातात, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे.

मग करायचं काय? आम्ही चार ठिकाणी चार गोष्टी मागतो.

पहिली गोष्ट खुद्द खेळाडूंसाठी. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्ष पुरं केलं तर प्रमाणपत्र, दोन केली तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. मिळवलेली श्रेयांकं अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये सात वर्षांपर्यंत जिवंत राहतात. लीगला जायचं असेल तर वर्ष अर्धवट टाकून जाऊ नका. चालू वर्षाची श्रेयांकं खात्यावर जमा झालेली पाहा, बाहेर पडण्याचा रीतसर अर्ज द्या, पोच घ्या. शेवटचं सत्र उरलं असेल तर ते संपवूनच जा. करारावर सही करण्याआधी तीन कलमं वकिलाकडून वाचून घ्या : दुखापत झाली तर उपचार कोण करणार, न खेळवता बसवून ठेवलं तर पैसे मिळणार का, आणि करार किती हंगामांसाठी बांधून ठेवतो. एजंट घाई करत असेल तर समजा की घाईत त्याचा फायदा आहे.

दुसरी विद्यापीठाकडे आणि समाजकल्याण विभागाकडे. विद्यापीठाचा खेळाडू जिंकला की त्याचा फोटो कॉलेजच्या फलकावर झळकतो, प्रवेशाच्या जाहिरातीत छापला जातो. मग त्याची परीक्षा बुडाली तर स्वतंत्र परीक्षा का नाही? राज्य वा राष्ट्रीय पातळीवर किंवा लीगमध्ये खेळणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्याची हजेरी मैदानावरची हजेरी म्हणून धरा. त्याची शिष्यवृत्ती, स्वाधार आणि वसतिगृहातली जागा राखून ठेवा. यासाठी एक शासन निर्णय लागतो आणि तो काढण्याची इच्छा लागते.

तिसरी लीगकडे आणि सरकारकडे. खासगी लीगला आरक्षण लागू नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम बालेवाडीच्या संकुलात झाला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभं राहिलेलं ते संकुल आहे. तो हंगाम जिंकणाऱ्या ओडिशाच्या संघात तर ओडिशा सरकारच्या कंपनीचा पैसा आहे. मैदान जनतेचं, पैसाही काही ठिकाणी जनतेचा, आणि सामाजिक न्यायाची अट आली की सगळं खासगी? सरकारी मैदान वापरणाऱ्या प्रत्येक लीगने खेळाडूंची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी, दुखापतीचा विमा द्यावा आणि २२ वर्षांखालच्या प्रत्येक खेळाडूच्या पदवीचा खर्च करारातच लिहावा. आणि खेळाडूंनीही स्वतःला कामगार समजून एकत्र यावं. १९३८ मध्ये कामगारांच्या संपाच्या हक्कासाठी रस्त्यावर उतरलेला नेता आपला होता. अंगमेहनत विकणाऱ्याने एकट्याने सौदा करू नये, हे त्या लढ्याने शिकवलं आहे.

चौथी गोष्ट आपल्याकडे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक वस्तीत जयंती समिती आहे. डीजेवर एका रात्रीत जेवढा खर्च होतो, त्यात दोन खेळाडूंचं वर्ष निघतं. जिल्ह्याला एक खेळाडू निधी काढा. करार फुकट वाचून देणारे आपले दोन वकील ठरवा. लीगहून परतलेल्या पोराला पुन्हा कॉलेजात बसवण्याची जबाबदारी घेणारा एक कार्यकर्ता नेमा. पोरगा जिंकला की त्याच्या सत्काराला आपण सगळे जातो. गुडघा मोडून परतला तर त्याच्या घरी कोण जातं?

या मराठवाड्यात विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यावं म्हणून १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं लढावं लागलं. याच नांदेडमध्ये २५ नोव्हेंबर १९९३ ला गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं. त्या लढ्याची पोरं आज कबड्डीच्या चटईवर उभी आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांनी तिथे जावं, जिंकावं, पैसा कमवावा. त्यांना मैदान की पुस्तक असा प्रश्न विचारणाऱ्याला आपण उलट विचारू : हा प्रश्न तुझ्या पोराला कधी विचारला होतास का?

येत्या सत्राच्या परीक्षा सुरू होण्याआधी आपल्या कॉलेजच्या क्रीडा विभागात जा. कोणत्या खेळाडूंची हजेरी कमी पडते आहे त्याची यादी करा आणि ती घेऊन प्राचार्यांना आणि समाजकल्याण कार्यालयाला लेखी निवेदन द्या. तोंडी बोलू नका, पोच घ्या. आपल्या पोरांना परतीचा कागद मिळवून देण्याची सुरुवात याच एका कागदापासून होईल.

जय भीम!